परसों सर

गोल झाला की मैदानातली सगळी माणसं गोल मारणाऱ्याकडे बघतात. आमचे सर गोल खाल्लेल्या टीमकडे बघायचे. जाळ्यात पडलेला चेंडू कोण उचलून आणतो, एवढंच त्यांना हवं असायचं. अशा वेळी गोलकीपर जमिनीवर पालथा पडलेला असतो, बॅक एकमेकांवर दोष ढकलत असतात आणि कॅप्टन कमरेवर हात ठेवून भलतीकडेच बघत असतो. चेंडू जाळ्यात तसाच. मग कुणीतरी एक जण जातो, वाकून चेंडू काखेत मारतो आणि मधल्या रेषेकडे पळत सुटतो. त्या मुलाचं नाव सर शेजारच्याला विचारून घ्यायचे. गोल कोणी मारला, हे पुष्कळदा त्यांना शेवटपर्यंत कळलेलं नसे.

हैदराबादच्या मलकपेठेत एका शिंप्याचं दुकान आणि एक दवाखाना यांच्यामध्ये आमचं कॉलेज होतं. नवा माणूस ते ओलांडून पुढे जायचा आणि मग विचारत परत यायचा. सर तिथे पीटीचे शिक्षक होते आणि फुटबॉलची टीमही तेच उभी करायचे. शहरातल्या मोठ्या कॉलेजांकडे हॉस्टेल होतं, बूट होते, सकाळी दूध आणि अंडी होती. शाळांच्या स्पर्धेत जिंकलेल्या टीमची मुलं ती कॉलेजं आधीच उचलून न्यायची. उरलेल्यांतून सरांना अकरा जण जमवायचे असत. "जिंकलेल्यांना सगळे बघतेत, मी हारलेल्यांना बघतो," असं ते म्हणायचे. म्हणताना त्यांच्या उजव्या मुठीत हातरुमाल आवळलेला असे. तो त्यांनी घाम पुसायला वापरलेला मी कधी पाहिला नाही. काळजी वाटली की तो मुठीत जायचा आणि काळजी तर त्यांना उठल्यापासून असायची.

सरांचं घराणं बिदरकडचं, निजामाच्या काळात शेती सोडून हैदराबादेत आलेलं. घरात मराठी, पण तिच्यात उर्दू इतकी मुरलेली की कुठला शब्द कुठला हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हैदराबादी माणसाला कालच्या मागचं सगळंच 'परसों' असतं. दोन दिवसांपूर्वीची गोष्ट परसोंची, लग्नही परसोंच झालेलं आणि चारमिनारही बहुतेक परसोंच बांधलेला. सरांच्या मराठीत हा परसों आल्याशिवाय वाक्य पुरं व्हायचं नाही. म्हणून पोरं त्यांना परसों सर म्हणायची. तोंडावर नाही अर्थात.

आम्ही पुण्याचे. वडील सरकारी कारखान्यात इंजिनियर होते आणि बदली होऊन इकडे आले होते. आम्ही दिलसुखनगरला राहत होतो. तिथे तेव्हा घरांपेक्षा कोचिंग क्लासच्या पाट्या जास्त दिसायच्या. गल्लीत कुणी भेटलं की नाव विचारायच्या आधी इंजिनियरिंगच्या एंट्रन्सचा रँक विचारायचं. माझा रँक असा आला होता की वडिलांनी तो एकदा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मग त्यांनी मला 'लाँग टर्म'ला घातलं, म्हणजे आणखी एक वर्ष तोच अभ्यास आणि तीच परीक्षा. मी रोज क्लासला जात होतो आणि मला काहीही कळत नव्हतं. दोन घासांत मी ताट सारायचो आणि आई ते उचलून आत न्यायची. घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

अशा घरी एका रविवारी सर आले. ओळख ना पाळख. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, कॉलेजचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "साहेब, तुमचा मुलगा मला टीममध्ये पायजे. परसों बघितलो मी याला मैदानात. लय बेस खेळला."

वडिलांच्या कपाळावर आठी चढली. "परवा?" ते म्हणाले. "परवा हा क्लासला होता."

"परसोंच बघितलो की. पब्लिक गार्डनच्या बाजूला."

वडील माझ्याकडे वळले. "क्लास बुडवलास?" मी नाही म्हणालो. माझा आवाज खोटं बोलणाऱ्यासारखाच आला, कारण त्या दिवसांत खरं बोलतानाही मला भीती वाटायची. वडील म्हणजे घड्याळाला विचारून श्वास घेणारा माणूस. त्यांच्या दृष्टीने समोरच्या दोघांपैकी एक जण खोटारडा होता आणि घरातला त्यातला त्यात हाताशी होता. ते मला आणखी विचारणार, एवढ्यात सरच गडबडून म्हणाले, "अहो, याला कायकू बोलूलालाव? त्या टायमाला याला मिशीबी फुटली नव्हती."

आई आतून पोह्यांच्या बश्या घेऊन येत होती, ती दारातच हसली. निकालानंतर आमच्या घरात ऐकू आलेलं ते पहिलं हसू. मग उलगडा झाला. सरांनी मला पाहिलं होतं ते दीड वर्षापूर्वी, शाळेच्या मॅचमध्ये. त्यात आम्ही सहा गोल खाल्ले होते आणि सहाही वेळा चेंडू मीच आणला होता.

"मग इतके दिवस कुठे होतात?" वडिलांनी विचारलं. चूक पदरी आली की त्यांचा आवाज जास्तच कोरडा व्हायचा.

"आधी मोठ्या कॉलेजांनी सोडायला पायजे ना, साहेब. मग एंट्रन्सवाल्यांनी सोडायला पायजे. सगळ्यांनी सोडल्यावर मी येतो."

हे माझ्यासमोर बोलायला नको होतं, असं मला तेव्हा वाटलं. पण दीड वर्ष कुणीतरी आपल्याला लक्षात ठेवून होतं, ही गोष्टही त्याच वाक्यात होती. मी ती रात्रभर घोळवत राहिलो.

आता खरा प्रश्न आला. "फुटबॉल खेळून पुढे काय?" वडिलांनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर सरांकडे वर्षानुवर्षं तयार होतं. कारखान्यांच्या टीम होत्या, बँकांच्या होत्या, रेल्वेची होती. तीन वर्षं नीट खेळलेल्या मुलाला कुठेतरी चिकटवता यायचं. घरोघरी जाऊन हेच सांगत त्यांनी मुलं मिळवली होती आणि दिलेला शब्द पाळला होता. पण आता वारं फिरलं होतं. वडिलांच्याच कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीच्या नोटिसा लागल्या होत्या आणि खेळाडूंची भरती बंद झाली होती. वडिलांना हे पक्कं ठाऊक होतं. पाहुणा नोकरीचं नाव काढतो कधी, याचीच ते वाट बघत होते.

सरांनी बशी खाली ठेवली. रुमाल मुठीत गेला.

"नोकरीचं नाही बोलू शकत, साहेब," ते म्हणाले. "परसोंपर्यंत बोलत होतो."

"मग देणार काय तुम्ही याला?" हे आईने विचारलं.

सरांनी माझी बशी पाहिली. पोहे जसेच्या तसे होते. "बी.कॉम. होईल, बाई," ते म्हणाले. "आन् हारला तरी घरी येऊन जेवेल. एवढं मी बघतो."

आई त्यांच्याकडे बघत उभी राहिली. वडील काही बोलायला लागले, तेव्हा तिने त्यांच्या हातात चहाचा कप दिला. दुसऱ्या दिवशी माझी लाँग टर्म संपली.

सर शब्दाचे पक्के होते आणि त्यांची पद्धत साधी होती. हरलेल्या मॅचनंतर ते सगळ्या टीमला मलकपेठच्या इराणी हॉटेलात न्यायचे. समोर बन आणि खिमा यायचा. मी शाकाहारी म्हणून मला दोन बन आणि मस्का. बश्या रिकाम्या होईपर्यंत मॅचबद्दल एक शब्द बोलायचा नाही आणि कुणी उठायचंही नाही. आम्ही हरायचो पुष्कळ, त्यामुळे खायचोही पुष्कळ. मला तर पहिल्या वर्षात चांगलंच अंग भरलं. एकदा मी त्यांना खरं सांगून टाकलं की शाळेत मी चेंडू आणायला धावायचो तो शौर्याने नव्हे, पोरांचे चेहरे बघवायचे नाहीत म्हणून. सर म्हणाले, "मालूम आहे मला. भीत होतास. भिऊनबी गेलास ना?"

स्वतः सर मात्र आमच्याहून भित्रे. शेवटच्या दहा मिनिटांत ते मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे आणि बाकावरच्या मुलांना विचारायचे, "क्या हुआ? क्या हुआ?" काहीच झालं नाही म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही.

आमच्यातला खरा खेळाडू याकूब. बांगड्यांच्या कारागिराचा मुलगा आणि मोठ्या कॉलेजांनी उंची कमी म्हणून नाकारलेला. माझ्या वर्षभर आधी सर त्याच्या घरी गेले होते आणि तेव्हा त्यांनी त्याच्या आईला नोकरीचा शब्द दिला होता. तो एक शब्द त्यांना आत टोचत असायचा. याकूबच्या शेवटच्या वर्षी त्यांनी एका कंपनीच्या टीमसाठी मुलं निवडणाऱ्या माणसाला मॅच बघायला बोलावलं. साईडलाइनजवळ एक खुर्ची मांडली, ती रुमालाने पुसली आणि रुमाल तिच्यावरच ठेवून दिला, जागा धरल्यासारखा. मूठ मोकळी राहिल्यामुळे त्यांना हाताचं काय करावं ते समजेना.

त्या दिवशी याकूब असा खेळला की समोरच्या टीमची मुलंही मध्येच थांबून बघत होती. त्याने एक गोल मारला आणि खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. पहिला हाफ संपला, दुसरा सुरू झाला. सर गेटपर्यंत जायचे आणि परत यायचे. शेवटी आम्ही दोन-एकने हरलो. तो माणूस आलाच नाही. कंपनीने टीम कधीच बंद केली होती, हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं.

हॉटेलात याकूब बशीकडे बघत बसला होता. "अम्मी कू क्या बोलूं, सर?"

"पहले खा," सर म्हणाले. "अम्मी कू मैं बोलतूं."

आणि ते खरोखर गेले. बाहेर उभ्या राहिलेल्या याकूबने मला नंतर सांगितलं की सरांनी त्याच्या आईसमोर हात जोडले. पुढचे कित्येक महिने कॉलेज सुटलं की सर स्कूटरवरून कोठीच्या बाजारात दुकानादुकानांतून हिंडायचे. अखेर एका औषधांच्या एजन्सीत त्यांनी याकूबला चिकटवलं. तो आज तिथे मॅनेजर आहे. पण सरांना ते कधी पुरेसं वाटलं नाही. "मैदानावर द्यायला पायजे होतं त्याला," असं ते म्हणत राहिले. त्यानंतर कुठल्याही मुलाच्या घरी जायचं म्हटलं की ते आदल्या दिवसापासून अस्वस्थ असायचे.

माझं बी.कॉम. झालं आणि मी कॉम्प्युटरचा कोर्स करून नोकरीला लागलो. सगळं शहरच तेव्हा कॉम्प्युटरच्या मागे धावत होतं आणि कॉलेजही त्यात मागे नव्हतं. मैदानाच्या अर्ध्या भागावर नवी कॉम्प्युटरची इमारत उठली. उरलेल्या अर्ध्यावर स्कूटर लागायला लागल्या. फुटबॉलची टीम बंद झाली. सरांना ग्रंथालयात बसवलं. त्या वर्षी एका रविवारी मी सहज शाळांची मॅच बघायला थांबलो, तर हरणाऱ्या टीमच्या गोलमागे वर्तमानपत्राची घडी घालून सर बसले होते.

"कोणासाठी बघताय, सर?" मी विचारलं. विचारल्यावर मला वाईट वाटलं.

"बघून ठेवूलालो," ते म्हणाले. "तो दोन नंबरचा बघ. तिन्ही टायमाला त्यानेच आणला." मग जरा वेळाने म्हणाले, "टीम झाली परत, तर कोणी पायजे ना."

माझ्या नोकरीतही गोल खायचे प्रसंग आले. एकदा आमचं एक मोठं काम अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने परत पाठवलं. मीटिंगमध्ये सगळे टेबलाकडे बघत बसले होते. ते चेहरे मला बघवेनात. भीत भीत मीच म्हणालो की मी बघतो, सुरुवातीपासून करू. लोकांना ती हिंमत वाटली. ती काय होती हे ओळखणारा माणूस तेव्हा ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे घालत होता.

सर गेल्याचं याकूबने फोनवर सांगितलं. झोपेतच गेले. आम्ही दोघांनी त्यांना खांदा दिला आणि दुपारी मी आईवडिलांकडे गेलो. वडील निवृत्तीनंतर हैदराबादेतच राहिले होते. मी त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"असं कसं?" ते म्हणाले. "परवाच तर येऊन गेला माणूस. पोहे खाऊन गेला."

वडिलांचं साधं वारसुद्धा चुकलं तर आई ते सुधारल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी तिने तो परवा तसाच राहू दिला. मला भूक नाही असं मी सांगितलं होतं, तरी तिने ताट वाढलं आणि समोर बसून राहिली. मी सगळं जेवलो.