न बोलता झालेली बेअदबी

शाळेत आम्हाला ‘उद्धटपणा’ हा शब्द होता. घरात मात्र अण्णांचा शब्द चालायचा, बेअदबी. माझ्या वडिलांचं शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झालेलं, त्यामुळे ते रागवायचे तेसुद्धा अदबीनं. उद्धटपणाला तोंड लागतं, बेअदबी गप्प बसूनही होते, असं ते म्हणायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायची हौसही नव्हती.

केजमध्ये तेव्हा नुकतीच केबल आली होती. दुपारी खिडक्या लावून घेतल्या की आमचं माजघर निळसर होऊन जायचं. गल्लीतल्या पोरीबाळी आणि मी त्या उजेडात अर्धवट जाग्या, अर्धवट कुठल्यातरी दुसऱ्याच घरात असायचो. अशाच एका बाजाराच्या दिवशी अण्णांचे घाटनांदूरचे जिवलग मित्र आले. ते दर बाजाराला यायचे. अण्णा दुकानात अडकले होते. मी मान न वळवता ‘बसा काका’ म्हटलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. मालिका संपली तेव्हा खुर्ची रिकामी होती.

पुढचे चार बाजार काका आलेच नाहीत. दारात चपला वाजल्या की अण्णा मान वर करायचे आणि पुन्हा खाली घालायचे. मला ते बघवेना, शेवटी मीच सगळं सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. चाळीस वर्षांची दोस्ती आहे, जा आणि माफी मागून ये, एवढंच म्हणाले.

अंबाजोगाईला गाडी बदलली. खिडकीबाहेर करडईची पिवळी रानं सरकत होती, मला पेंग येत होती, आणि पेंगेतसुद्धा मी माफीची वाक्यं जुळवत होते.

मला बघताच काका उठून उभे राहिले. साठीचा माणूस, विशीतल्या पोरीसाठी! धोतराच्या सोग्यानं त्यांनी बाज झटकली, स्वतः तांब्या भरून आणला. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, “माय, त्या दिशी माझ्याकून लई बेअदबी झाली बग. तुमी समदे मन लावून बगत हुता, आन् मी मदीच येऊन बसलो. आता कोन्या तोंडानं यावं तुमच्याकडं?”

मला एकही वाक्य आठवेना. माझी चूक हा माणूस महिनाभर आपली समजून घरात बसला होता. मला रडू फुटलं. “काका, अण्णा वाट बघतात,” एवढंच कसंबसं म्हणाले.

 काका टोपी शोधायला लागले.