आगीची घंटा आणि हळदीकुंकू

लग्न ठरण्याआधी आम्ही दोघं एकदाच बाहेर भेटलो, वाशी स्टेशनच्या वरच्या नव्या इमारतीत. तिथे इडली-डोशाचं एक दुकान होतं. माझे वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. साताऱ्याकडचा माणूस, मुलीला असं एकटीला पाठवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण मी बेलापूरला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात टायपिस्ट होते, न्हावा शेवाला येणाऱ्या कंटेनरांची कागदपत्रं दिवसभर बडवत होते, त्यामुळे घरात माझ्या शब्दाला थोडं वजन आलं होतं.

मुलगा नीटनेटका होता. एका शीतगृहात हिशेबनीस. बोलायलाही बरा होता, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. एखादं वाक्य बोलायचा आणि नजर वर न्यायचा. डोसा आला तरी तेच.

"तुम्हाला लग्न करायचं नसेल तर सरळ सांगा," मी म्हटलं. "मला राग नाही येणार."

तो गडबडला. "नाही हो, तसं काही नाही. वर तो धुराचा डिटेक्टर आहे ना, त्याची टोपी काढायची राहिलीय."

मी वर पाहिलं. छताला उपडी वाटी चिकटवल्यासारखं काहीतरी पांढरं होतं आणि त्यावर पिवळं प्लॅस्टिक. बांधकामाची धूळ आत जाऊ नये म्हणून ती टोपी असते, त्याने सांगितलं. काम संपलं की काढायची. नाही काढली तर खाली होळी पेटली तरी त्याला धुराचा पत्ता लागणार नाही.

"तुमचं हेच काम असतं का?"

"छे. आवड आहे. घंटा, लाल पेट्या, डिटेक्टर... कुठे गेलो की आधी ते बघतो."

घरी आले तर आई दारातच उभी. "कसा हाय गं पोरगा?"

"बरा आहे. छताकडे बघतो."

"बघू दे की," आई म्हणाली. "पोरींकडं बघन्यापरीस बरं."

लग्न झालं. नेरूळला दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. त्या वर्षांत तिकडे सगळीकडे बांधकामं. एका वर्षी जिथे चिखल असायचा तिथे पुढच्या वर्षी बँक, नाहीतर दवाखाना. यांना तर दिवाळीच. रविवारी इतर नवरे बायकोला बागेत न्यायचे, मला हे नव्या इमारती दाखवायला न्यायचे. सोबतीला यांचा एक मित्र असायचा, जवळच्या शिरवणे गावचा. घरची शेती आणि मिठागर नव्या शहरासाठी गेलेलं, त्या जागी त्याने भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या आणि एक टेम्पो होता. दोघांची ओळख म्हणे एका बँकेच्या रांगेत झाली. रांगेत सगळे पुढे बघत होते, हे दोघं वर.

सुरुवातीला मी नुसती मागे मागे फिरायचे. मग हळूहळू मलाही दिसायला लागलं. जिन्याजवळ खांद्याच्या उंचीवर लाल पेटी, तिच्यात काच, काच फोडली की घंटा वाजणार. कुठे त्या पेटीवर कॅलेंडर टांगलेलं, कुठे तिच्यासमोर गोदरेजचं कपाट. एका ऑफिसात तर रंगाऱ्याने भिंतीबरोबर घंटाही पोपटी करून टाकली होती. शिरवण्याच्या मित्राला मी भावोजी म्हणायचे. भावोजींना घंटा प्रिय, इलेक्ट्रॉनिक भोंगे त्यांना आवडत नसत. "वयनी, ही बगा," ते म्हणायचे, "ही जुनी हाय. हिचा आवाज गावान ऐकू जाईल. आताचे भोंगे म्हंजे कोंबरा ओरडल्यासारका."

पण गंमत अशी, की दोघांपैकी कुणीच खरी वाजलेली घंटा ऐकली नव्हती. कुठेतरी चाचणी चालू असताना ऐकली असेल तेवढीच. यांना फार इच्छा. मी चिडवायचे, "काय हो, कुणाच्या तरी घराला आग लागावी असं वाटतं का?" तर विषय बदलायचे.

त्र्याण्णवच्या स्फोटांनंतर मात्र हा नाद अवघड झाला. सार्वजनिक इमारतीत शिरून छत न्याहाळणारा माणूस कुणाला चालणार? बेलापूरला एका इमारतीत वॉचमनने दोघांना धरून खुर्चीवर बसवलं आणि पोलिसांना बोलावतो म्हणाला. मी पुढे झाले, मंगळसूत्र दिसेल असा पदर घेतला आणि सांगितलं, "दादा, हे माझे मिस्टर. यांना आगीची भीती वाटते, म्हणून बघतात." वॉचमनला ते पटलं. भीती पटते, आवड पटत नाही. तेव्हापासून बोलायचं काम माझ्याकडे आलं. मॅनेजरला, वॉचमनला मीच आधी विचारायचे, मग हे दोघं वर बघायचे. विचारता विचारता पॅनेल कसं वाचायचं तेही मला कळलं. इमारतीचे भाग पाडलेले असतात, प्रत्येक भागाचा एक दिवा. कुठे धूर झाला तर त्या भागाचा लाल दिवा लागतो आणि घंटा वाजते. बटण दाबून घंटा बंद करता येते, दिवा मात्र तसाच राहतो.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली संक्रांत. आमच्या साताऱ्याकडच्या बायकांचं एक मंडळ होतं. बहुतेकींचे नवरे बाजारात, कुणाचा हमालीला, कुणाचा स्वतःचा गाळा. त्या वर्षी हळदीकुंकू मोठं करायचं ठरलं आणि एका संस्थेचं दुसऱ्या मजल्यावरचं सभागृह घेतलं. बायका काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, गजरे अशा नटून आल्या होत्या. हे आणि भावोजी मला सोडायला आले आणि खाली चहाच्या टपरीवर थांबले. वर चढताना जिन्याच्या वळणावर पॅनेल दिसलं. सवयीने पाहिलं. हिरवा दिवा चालू होता. म्हणजे ठीक.

उखाणे झाले, खेळ झाले. अध्यक्षीणबाई माइकवर भाषण करत होत्या आणि घंटा वाजायला लागली.

काय आवाज होता! कानात खिळा ठोकावा तसा. पण एकही बाई उठली नाही. मला हे अजून आठवतं. कुणी म्हणाली शाळा सुटली असेल, कुणी म्हणाली लिफ्ट अडकली. अध्यक्षीणबाई माइकवर म्हणाल्या, "कोणीतरी ती बेल बंद करा हो, माझं बोलणं राहिलंय." तेवढ्यात घंटा थांबली. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि भाषण पुढे सुरू झालं.

मी बाहेर जिन्याच्या वळणावर आले. वॉचमन पॅनेलसमोर उभा होता, त्यानेच बटण दाबलं होतं.

"काका, लाल दिवा लागलेलाच आहे," मी म्हटलं.

"ताई, हे सारखं होतं. झुरळ जरी आत गेलं तरी वाजतं."

"हा दिवा कुठला?"

"मागच्या जिन्याखालची खोली. डेकोरेशनचं सामान आहे तिथे."

"एकदा रीसेट करून बघा. झुरळ असेल तर जाईल."

त्याने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं, पण रीसेट दाबलं. दिवा विझला. आम्ही दोघं त्याकडे बघत राहिलो. वास नव्हता, धूर नव्हता, खालून रस्त्याचा नेहमीचा आवाज. आणि दिवा पुन्हा लागला, घंटाही. त्याने ती बंद केली आणि तो मागच्या जिन्याकडे धावला. लगेच परत आला. "धूर आहे ताई. खालून वर येतोय."

"पुढचं गेट पूर्ण उघडा," मी म्हटलं. "आणि बंबाला फोन करा. बायकांना मी आणते."

म्हटलं खरं, पण आणायचं कसं? सभागृह गच्च भरलेलं, कडेवर लेकरं, पायात अडकणाऱ्या नवीन साड्या. 'आग' म्हटलं तर सगळ्या एकदम दाराकडे पळतील, आणि निम्म्या मागच्या जिन्याने जातील, कारण चपला तिकडे खाली काढल्या होत्या. मी स्टेजकडे चालत गेले. पळायचं नाही एवढंच स्वतःला सांगत होते. अध्यक्षीणबाईंच्या कानात सांगितलं, "मागे आग लागलीय, माइक द्या." त्यांचा चेहरा पांढरा पडला, पण माइक दिला.

माझ्या तोंडून जे आलं ते काही ठरवून आलं नव्हतं. मी म्हटलं, "बायांनो, यंदाचं वाण खाली गेटपाशी मिळणार आहे. पुढच्या जिन्यानेच यायचंय. पहिल्या रांगेपासून चला. मागून येणारीला मिळणार नाही असं नाही, सगळ्यांना पुरेल."

कधी पाहिलं नाही अशा शिस्तीत बायका उठल्या. वाणासाठी घाई होती, पण ती पुढच्या जिन्याकडे. एकीने विचारलं, "वाण काय हाय गं या वर्साला?" दुसरी म्हणाली, "स्टीलचा डबा हाय म्हनं." चपलांसाठी वळलेल्या दोघीतिघींना मी हाताला धरून पुढे ढकललं. शेवटच्या बायका बाहेर पडत होत्या तेव्हा मागच्या दाराच्या फटीतून करडा धूर आत यायला लागला होता. अध्यक्षीणबाई आणि मी सगळ्यांच्या मागे उतरलो. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या.

अर्ध्या जिन्यात हे भेटले. बायकांच्या गर्दीतून उलटे वर येत होते, शर्टाला सगळीकडे हळदीकुंकू लागलेलं. मला पाहिलं आणि तिथेच भिंतीला टेकले.

बंब आला. जिन्याखालच्या खोलीत वायर जळून पडद्यांनी पेट घेतला होता. आग फार पसरली नाही, कुणाला साधं खरचटलंही नाही. चपला मात्र बऱ्याच जळाल्या. आणि खाली मैदानात बायका विचारत होत्या, वाण कुठाय? खरं कळल्यावर काही रडल्या, काही हसत सुटल्या, आणि एकीने मला चारचौघींत सुनावलं, "देवाधर्माच्या कामात खोटं बोलतात होय?" अध्यक्षीणबाईच पुढे आल्या. "ती खरं बोलली असती ना," त्या म्हणाल्या, "तर तुझ्या अंगावरून मी गेले असते." वर राहिलेले डबे दुसऱ्या दिवशी काजळी पुसून घरोघर वाटले.

त्यानंतर कितीतरी दिवस हे कुठल्याही इमारतीत गेले नाहीत. भावोजी रविवारी येऊन बसायचे, चहा घ्यायचे, परत जायचे. एकदा मी विचारलंच.

"मी खाली उभा होतो ना," हे म्हणाले, "पहिल्यांदा चाचणी वाटली. पुन्हा घंटा वाजली आणि मला आनंद झाला. याला मी म्हटलंसुद्धा, वाजली रे वाजली! मग आठवलं की तू वर आहेस."

"एक क्षण झाला असेल."

"झाला ना पण."

भावोजी बशीत चहा ओतत म्हणाले, "मला पन झाला. त्याला काय इलाज नाय. पन दादा पलाला कसा, ते मी बगलंय वयनी. टपरीवाल्याचा बाकडा आडवा केलान."

त्यावर हे थोडंसं हसले. मी आणखी चहा टाकला.

पुढच्या संक्रांतीला मंडळाने दुसरं सभागृह बघितलं, आणि आधी जाऊन पाहून येण्याचं काम मला दिलं. मी यांना चला म्हटलं. नको नको करत आले. आत शिरल्यावर मला वाटलं, आता आधी घंटा शोधतील. पण हे सरळ इमारतीच्या मागे गेले. मागच्या जिन्याला कुलूप होतं. वॉचमनला हाक मारून त्यांनी विचारलं, "याची किल्ली कुणाकडे असते?" आणि किल्ली येऊन कुलूप निघेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग आम्ही दोघं तो जिना वरपर्यंत चढलो. रुंद होता, कोरडा होता, कुणी सामान ठेवलेलं नव्हतं. मी सभागृह पक्कं केलं.