दसऱ्याची तारीख

तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात, जिथे रस्त्याच्या कडेला ट्रक दोन दोन दिवस उभे असतात, तिथल्या मागच्या गल्लीत कमळाकर म्हात्र्यांचं गॅरेज आहे. पत्र्याची मोठी शेड, आत चार गाड्या उचलायची सोय, आणि दाराशी काचेची एक केबिन. त्या केबिनीत जोतीराम बसतो. एकतीस वर्षं तो तिथेच बसलेला आहे. गाडी आली की आधी जोतीरामकडे जायचं आणि मग मेकॅनिककडे, हा इथला शिरस्ता. जोतीराम तिचं कार्ड लिहितो: गाडीचा नंबर, मालकाचं नाव, किती किलोमीटर फिरली, तक्रार काय, काम कोणाच्या हातात दिलं. ते कार्ड काचेला चिकटवल्याशिवाय सहसा कोणी बोनेट उघडत नाही.

जोतीराम मूळचा कोरेगाव तालुक्यातला. पंचविशीत मेकॅनिक म्हणून इथे आला, आणि पहिल्याच वर्षात जॅक घसरून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हा गॅरेज कमळाकरशेठच्या वडिलांचं होतं. सगळे त्यांना आबा म्हणत. सरकारने भातशेती घेतल्यावर मिळालेल्या पैशात नातेवाइकांनी बंगले बांधले, आबांनी गॅरेज टाकलं. जोतीराम हाताला पट्टी बांधून हिशेब मागायला आला, तर आबांनी त्याला विचारलं, "अक्षर कसा हाय तुजा?" त्याने कागदावर स्वतःचं नाव लिहून दाखवलं. आबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि केबिनीतली खुर्ची दाखवली. त्या खुर्चीचे पाय दोनदा बदलले, माणूस तोच राहिला.

स्वभावाने तो भिडस्त. गिऱ्हाईक आवाज चढवून बोललं की हा खाली मान घालून लिहीत राहायचा. त्याला कोणी शाबासकी दिली तरी त्याला वाटे, आपल्याला दुसराच कोणी समजून दिली असेल.

गॅरेजमध्ये कॉम्प्युटर आला तो महाप्यातल्या एका कंपनीमुळे. घरोघर सामान पोचवणाऱ्या तिच्या चाळीस गाड्या, आणि त्यांच्या दुरुस्तीचं काम ती एकाच गॅरेजला देणार होती. तिथल्या वैजयंतीमॅडमची अट अशी, की प्रत्येक गाडीचं कार्ड कॉम्प्युटरवर पाहिजे आणि काम कुठवर आलं ते त्यांना ऑफिसात बसून दिसलं पाहिजे. पंधरा तारखेला, बुधवारी, त्या स्वतः येऊन पाहणार होत्या.

शेठच्या दृष्टीने हा शेवटचा डाव होता. त्यांचा मुलगा हितेश वर्षभर मागे लागला होता की शेड गोदामाला भाड्याने द्या आणि घरी आराम करा. गाड्या नव्या आल्या, लोक कंपनीच्या शोरूमकडेच नेतात, गॅरेजमध्ये अर्धा दिवस माश्या मारायची पाळी, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी शेठ म्हणाले, "त्या चाळीस गाड्या आल्या तर गॅरेज. नाय आल्या तर तुजा गोदाम." जोतीरामने हे केबिनीतून ऐकलं होतं. सत्तावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोणी कार्ड लिहायला ठेवणार नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

वाशीच्या जयप्रकाशच्या दुकानातून कॉम्प्युटर आला आणि शेठनी ठरवलं, की यंदा दसऱ्याचं कार्ड ह्याच्यावर. दसऱ्याला गॅरेजात हत्यारांची पूजा झाली की वर्षाचं एक नंबरचं कार्ड लिहायचं, ही आबांची रीत. गाडी गॅरेजचीच, जुना टेम्पो. काम फक्त ऑइल बदलायचं. पण दसरा गुरुवारी, दोन तारखेला होता, त्यातून सरकारी सुट्टी. सॉफ्टवेअर बसवणारा माणूस येतो म्हणाला आणि आला नाही. कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालून शेठ दीड वाजेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिले. मग उठले. "राहू दे," एवढंच म्हणाले आणि जेवायला घरी गेले. जोतीरामला तो 'राहू दे' फार लागला. आबा गेल्यालासुद्धा सहा वर्षं झाली, पण एक नंबरचं कार्ड कधी चुकलं नव्हतं.

आता जोतीरामच्या डोक्यात काय होतं ते समजून घेतलं पाहिजे. कागदाच्या कार्डावरची तारीख म्हणजे लिहिणारा लिहील ती. गाडी शनिवारी यायची, गर्दीत कार्ड राहून जायचं, मग सोमवारी बसून तो शनिवारची तारीख टाकायचा. त्यात त्याला काही गैर वाटत नसे, कारण गाडी खरोखर शनिवारीच आलेली असे. तसंच हेही. टेम्पोचं ऑइल दसऱ्यालाच बदललं होतं. राहिली होती ती फक्त नोंद.

रविवारी करंजाड्याला घरी त्याने वैदेहीला, म्हणजे मुलीला, विचारलं, "कॉम्प्युटरवरची तारीख बदलता येते का गं?"

"येते की. आधी तारीख आपोआप लावणारं ते ऑटोमॅटिकचं बटण बंद करायचं. कशाला पाहिजे तुम्हाला?"

"उगाच," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी शेठ यायच्या आधी त्याने ते बटण बंद केलं आणि दोन तारीख लावली. सॉफ्टवेअर सुरू झालं, की पहिलं कार्ड दसऱ्याचं निघेल. शेठना नंतर दाखवू, खूश होतील.

दहा वाजता पार्थ आला, सॉफ्टवेअर कंपनीचा तरुण इंजिनियर. त्याने लायसन्सचा नंबर आजच काढून आणला होता. सगळं भराभर बसलं, आणि अगदी शेवटी, नंबर टाकल्यावर, पडद्यावर लाल चौकट आली. लायसन्स तपासता येत नाही, इंटरनेट तपासा, असं इंग्रजीत लिहिलेलं.

पार्थने इंटरनेट तपासलं. वायर बदलली. मोबाइलवरचं नेट जोडून पाहिलं. व्हायरस अडवणारं सॉफ्टवेअर बंद केलं, मग काढूनच टाकलं. आपलंही सगळं पुसून परत बसवलं. लाल चौकट पुन्हा हजर. मंगळवारी तो नवा राउटर घेऊन आला. गुरुवारी त्याने भिंतीतली वायरीची जुनी पट्टी उपसून नवी वायर ओढली. रोज सकाळी तो यायच्या आत जोतीराम देवाला उदबत्ती ओवाळावी तितक्या भक्तीने तारीख पुन्हा दोनवर आणून ठेवत असे, कारण कॉम्प्युटर रात्रीतून एक दिवस पुढे गेलेला असे. महिना तोच, साल तेच. कोपऱ्यातल्या त्या बारीक आकड्याकडे कोणाचं लक्ष जाणार?

हौसेराव, गॅरेजचा मुख्य मेकॅनिक, गाडीखालून डोकं काढून विचारी, "पार्थसाहेब, धक्का देऊन बघू का? आमच्याकडे सगळ्याला तोच उपाय आहे."

"धक्का मलाच बसलाय, काका," पार्थ म्हणे.

शनिवारी पार्थने हात टेकले. वरच्यांना सांगतो म्हणाला. त्या दिवशी शेठनी डबा न उघडताच परत नेला. सोमवारी हितेश येऊन एका माणसासोबत शेडची लांबी-रुंदी मोजून गेला. जोतीरामने त्यांच्या टेपचं टोक धरलं, कारण त्यांनी धरायला सांगितलं.

मंगळवारी दुपारी ऐरोलीच्या ऑफिसातून नमिताचा फोन आला. पार्थची वरिष्ठ. आवाजावरून तिशीची असेल. शेठनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"काका, घाबरू नका, मी इथूनच तुमचा पडदा बघणारे. फक्त जिथे सांगेन तिथे क्लिक करा."

ती सांगेल ते जोतीराम एका बोटाने करत गेला. पाच मिनिटं ती नुसती हूं हूं करत होती. मग म्हणाली, "एक मिनिट. काका, आज तारीख काय?"

"चौदा," शेठ म्हणाले.

"मग तुमच्या मशीनवर दोन का दिसतेय? लायसन्स सहा तारखेपासून चालू आहे. मशीनला वाटतंय, सहा तारीख उजाडायचीय अजून. म्हणून ते घेत नाहीये. नेटचा काही प्रॉब्लेमच नाही."

जोतीरामने कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहिलं. हात माउसवरच राहिला.

"पन तारीख मागं कशी जाईल?" शेठनी विचारलं.

"आतमध्ये एक छोटी बॅटरी असते. ती वीक झाली की तारीख टिकत नाही. जुन्या मशीनमध्ये होतं असं. आत्ता आपण बरोबर करू, पण बॅटरी खराब असेल तर उद्या सकाळी परत तेच होऊ शकतं."

शेठ ताडकन उठले. "जुना? नवा म्हनून दिलाय मना जयप्रकाशनी. उद्या त्या बाईसमोर परत लाल झाला तर? हौसेराव, टेम्पो काढ. मशीन टाक त्याच्यात. आता वाशीला जाऊन त्याच्या काउंटरवर आपटतो."

"सर, बॅटरी बदलून मिळायला दोनेक दिवस लागतील," नमिता म्हणाली.

"लागू दे. चोरासारखा माल देतो म्हंजे काय."

हौसेराव हात पुसत आला आणि मागच्या वायरी सोडवायला वाकला. जोतीराम पाहत होता. मशीन गेलं की बुधवार गेला. गप्प बसलं तर कोणाला कळणारही नव्हतं. बॅटरीवर गेलं असतं, जयप्रकाशवर गेलं असतं. आणि बोललं तर एकतीस वर्षांत जे कमावलं, ते ह्या टेबलावर ठेवायचं.

"हौसेराव, थांब," तो म्हणाला. आवाज इतका लहान निघाला की त्याला परत म्हणावं लागलं. "थांब. शेठ, मशीन नेऊ नका. बॅटरी चांगली आहे."

"तुला काय म्हाईत? तू इंजिनियर कधी झाला?"

"तारीख मी बदलत होतो. रोज सकाळी."

हौसेराव वायर हातात धरूनच सरळ उभा राहिला.

फोनमधून नमितानेच विचारलं, "काका, ऑटोमॅटिकचं बटण तुम्ही बंद केलं होतंत?"

"हो, ताई."

"मग बॅटरीला काहीही झालेलं नाही. मी लाइनवर थांबते. तुमचं बोलणं होऊ द्या."

शेठ खुर्चीत बसले. "आठ दिवस तो पोरगा भिती फोडीत व्हता. आनि तू बगत बसला?"

"तारखेचा आणि त्याचा संबंध असेल, असं मनातसुद्धा आलं नाही. नुसती नोंद वाटली मला. आपण शनिवारची गाडी सोमवारी लिहितो, तशी."

"पन कशापायी?"

जोतीरामने खाली पाहिलं. "त्या दिवशी तुम्ही दीड वाजेपर्यंत बसला होता. एक नंबरचं कार्ड दसऱ्याचं निघावं, म्हणून. तुम्हाला दाखवणार होतो नंतर."

 टेबलावरचा एक नट शेठनी उचलला, बोटांत फिरवला आणि परत ठेवला.

"मना वाईट वाटला, ते माज्यापाशी," ते अखेर म्हणाले. "त्याला वेगली तारीख लावून काय व्हनार? मना विचारायचा व्हता, जोतीराम. मी नको म्हनलो असतो."

"चुकलं, शेठ."

"चुकला तर हाय. ताईनी सांगितलेला बटन दाब आता."

त्याने बटण दाबलं. आकडा एकदम दोनावरून चौदावर गेला. नमिताच्या सांगण्यावरून त्याने लायसन्सचा नंबर पुन्हा एक एक अक्षर करून टाकला. लाल चौकट आली नाही. कोरं कार्ड उघडलं.

हौसेराव दारात उभा होता. "जोतीरामभाऊंनी एकट्याने आठ दिवस दसरा धरून ठेवला," तो म्हणाला, "आणि आम्हाला सुट्टी मात्र एकाच दिवसाची."

शेठना हसू आलं. त्यांनी ते मिशीत लपवायचा प्रयत्न केला आणि जमला नाही. मग पार्थला फोन लावून, माणूस आमचाच चुकला, म्हणून सांगितलं. जोतीरामचं नाव मात्र घेतलं नाही.

बुधवारी अकराला वैजयंतीमॅडम आल्या. बरोबर त्यांचीच एक गाडी आणि ड्रायव्हर. "हिचं कार्ड करून दाखवा," त्या म्हणाल्या आणि उभ्याच राहिल्या. जोतीराम एका बोटाने टाइप करू लागला. नंबर, किलोमीटर. तक्रारीच्या जागी सॉफ्टवेअरने तयार यादी दिली होती: ब्रेक, क्लच, आवाज. त्याने ड्रायव्हरला विचारलं, "कधी होतो आवाज?"

"रिकामी असली की. भरलेली असली की नाय येत."

जोतीरामने यादी बंद केली आणि तसंच्या तसं लिहिलं: रिकामी असताना आवाज, भरल्यावर नाही. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. हितेश कोपऱ्यात उभा होता, त्यानेही पाहिलं. जोतीरामला दिसत होतं, पण बोट एकच होतं, ते किती पळणार? सात मिनिटं लागली. मग मॅडमच्या मोबाइलवर टिंग झालं. त्यांनी तो उघडून वाचला, दोनदा वाचला.

"हे तुम्ही ह्याच्याच शब्दांत लिहिलंत," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे सगळे नुसतं 'आवाज' लिहून पाठवतात. मग आवाज कसला, ते शोधायला दुसरा दिवस." त्या शेठकडे वळल्या. "सोमवारी दहा गाड्या पाठवते. महिनाभर बघू, मग बाकीच्या. आणि ह्यांचा टाइपिंगचा वेग जरा वाढवा."

"वाढंल," शेठ म्हणाले. "आजून नवीन हाय तो."

मॅडम गेल्यावर शेठ हितेशकडे पाहत राहिले. हितेश मोबाइल काढून बाहेर गेला आणि गोदामवाल्याला, पुढच्या महिन्यात बोलू, असं सांगून आला. ते पूर्ण नाही म्हणणं नव्हतं, पण त्या दिवसापुरतं पुरेसं होतं. जोतीराम तोवर केबिनीतून बाहेर पडून शेडमध्ये फिरत होता. दहा गाड्या एकदम आल्या तर उभ्या कुठे करायच्या, ते तो पावलं टाकून मोजत होता.