ईराच्या कॅम्पची तालीम अन् माझी खुर्ची

मैत्रिणींनो, आज मले चांगलाच धडा मिळाला.

आमची ईरा ऑटिस्टिक आहे. नवीन जागा तिले एकदम झेपत नाही. म्हणून समर कॅम्पची तालीम आम्ही घरीच करून राहिलो होतो. चप्पल दाराशी, बाटली खिडकीत, शिट्टी वाजली की सतरंजीवर. कॅम्पचा टी-शर्टही धुऊन धुऊन मऊ केला, मानेचं लेबल उसवलं.

आज कॅम्पच्या पहिल्या दिवशी पोरीनं सगळं न चुकता केलं. मग कोपऱ्यातली खुर्ची ओढत आणली अन् म्हणाली, "मम्मी, यहाँ बैठो."

घरी तालमीच्या वेळी मी रोज तशीच खुर्चीवर बसत होती ना! माझ्या जाण्याची तालीम आम्ही केलीच नव्हती. मी उठली की ती रडे. शेवटी तिथल्या दीदी म्हणाल्या, "आज ले जाइए, कल फिर देखेंगे."

संध्याकाळी माझ्या जाण्याची तालीमही सुरू केली. तिच्या बाबांच्या हाती शिट्टी दिली, बाय केलं अन् दाराबाहेर उभी राहिली. आत रडणं नाही, काही नाही. मलेच राहवलं नाही, बेल वाजवली.

ईरानं दार उघडलं. "अभी नहीं, मम्मी. छुट्टी नहीं हुई." अन् दार लावून घेतलं.

आता तुम्हीच सांगा, उद्या तालीम कोणाची घेऊ?