चाकात अडकलेला खडा

काल बर्फ वितळल्यावर गाडी बाहेर काढली, तर पुढच्या चाकातून खरखर ऐकू आली. त्या आवाजासरशी मला बाबा आठवले.

आई गेली त्या हिवाळ्यात मी त्यांना नागपूरहून ब्रिस्टलला आणलं होतं. दिवसभर ते खिडकीपाशी बसायचे आणि विचारलं तेवढ्यालाच उत्तर द्यायचे. एका सकाळी बर्फ ओसरलेला पाहून मी त्यांना भाजी आणायला सोबत घेतलं. कोपऱ्यावर वळताच चाक खरवडल्यासारखं वाजू लागलं. मी घाबरून गाडी कडेला घेतली.

"थांब बेटा, मला उतरू दे," बाबा म्हणाले. "आता अगदी हळू चालव."

मफलर गुंडाळलेले बाबा कमरेत वाकून, चाकाकडे कान लावून गाडीबरोबर चालू लागले. बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेलं जाडं मीठ त्यांच्या बुटांखाली करकरत होतं.

"अजून पुढे... आता मागे घे!"

गाडी मागे घेताच टक्कन खडा खाली पडला. ब्रेकच्या डिस्कमागे अडकला होता. बाबांनी तो तळहातावर धरून मला दाखवला, आणि कितीतरी दिवसांनी हसले.

"घरी गेल्यावर आधी तुझ्या आईला फोन..." ते म्हणाले, आणि थांबले.

मी धावत उतरले. त्या ओल्या रस्त्यावर मला धरून बाबा पहिल्यांदाच रडले. तेव्हा वाटलं, उगाच त्यांना बाहेर आणलं. आता वाटतं, बरं झालं चाक वाजलं. परतताना ते आईबद्दलच बोलत होते. घर आलं, इंजिन बंद केलं, तरी आम्ही कितीतरी वेळ गाडीतच बसून होतो.