हळदीचं पाणी

सकाळी साडेसहाला भिंगारहून निघालो तेव्हा दारासमोरची जागा रिकामी होती. तिथे सतरा वर्षं आमची गाडी उभी असे. तीन आठवड्यांपूर्वी मी ती विकली होती आणि आता तिच्याच मागे एसटीने निघालो होतो. बायकोला सांगितलं, भंडारदरा पाहून येतो. तिने विश्वास ठेवला.

खरं कारण वेगळं होतं. इंजिनाचा वरचा भाग, ज्याला मिस्त्री हेड म्हणतात, आणि खालचा भाग यांच्यामध्ये गॅस्केट नावाची पातळ पट्टी असते. आमच्या गाडीची ती पट्टी जळत चालली होती. पाणी कुठेही न ठिबकता संपायचं, सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा. नगरमधला मिस्त्री म्हणाला, हेड उतरवावं लागेल. नाहीतर रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाका, महिनाभर गळती धरून ठेवेल. तेवढ्यात गाडी विकून टाका, असं तो म्हणाला नाही. ते माझं मलाच सुचलं.

गाडी घेणारे एकनाथराव राजूरच्या पुढे डोंगरात भातशेती करतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, चढावर चालेल ना? मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती आणि त्यांच्या गावातून जीप दिवसातून दोनदाच सुटते. मी चालेल म्हणालो. परवा त्यांचा फोन आला.

"साहेब, गाडी पानी लई पिती. माझंच काय चुकतंय का?"

ते चिडले असते तर कदाचित मी गेलो नसतो.

राहुरीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता. संगमनेरला एसटी बदलली, अकोले गावात चहा घेतला. तिथून पुढे हवा बदलते. विठा घाटात एसटी पहिल्या गियरवर कण्हत चढू लागली आणि प्रत्येक वळणावर मला आमची गाडी दिसत होती, बॉनेट उघडलेली, मागच्या सीटवर एक अवघडलेली मुलगी. राजूरला पेढे घेतले. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसलं नसतं. आता वाटतं, त्या पेढ्यांचीही लाजच वाटायला हवी होती.

येतोय म्हणून फोन केला होता. राजूरहून घेतलेल्या जीपमधून उतरलो तर एकनाथराव फाट्यावर उभेच होते. गाव लहान आहे. खळ्यांवर भाताच्या उडव्या (पेंढ्यांच्या गोल गंज्या) रचलेल्या, मागे डोंगराची काळी भिंत. गाडी अंगणात होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशाला सुकलेला झेंडूचा हार. इतकी स्वच्छ ती माझ्याकडे कधीच नव्हती.

बसमध्ये ठरवलं होतं, पोचल्या पोचल्या सांगायचं. पण पाय धुवायला पाणी आलं, मग ताट आलं. तांदळाची भाकरी, वालाचं कालवण (रस्सा), वाफाळता भात. एकनाथरावांची बायको, हौसाबाई, वाढताना म्हणाल्या, "भायेरून गाडीची पूजा समदेच करत्यात. झाकन उघडलं तर आत पिवळं पानी. तुमी पान्यालाबी हळद वाहिली. लई जीव हुता म्हना गाडीवर."

माझा घास हातातच राहिला. सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "हो."

जेवण झाल्यावर त्यांनी घरच्या तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली. मी ती घेतली.

मग मी सुचवलं, गाडी अकोल्याला मिस्त्रीकडे नेऊ. उतारावर एकनाथरावच चालवत होते, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून. दोनदा तापमानाचा काटा लालपर्यंत गेला. दोनदा थांबून इंजिन निवू दिलं, पाणी भरलं. दर वेळी ते माझ्याकडे बघून ओशाळं हसत. मला अजून सवय न्हाई, म्हणत.

अकोल्याच्या गॅरेजात दत्तू मिस्त्रींनी पाणी सोडलं. पत्र्याच्या डब्यात घट्ट पिवळा गाळ उतरला. त्यांनी तो बोटाने चोळून हुंगला.

"इंजिनाचं लगीन लावलं व्हय कुनी?"

एकनाथरावांना ते आवडलं नाही. "हसू नका, मिस्त्री. पूजेची हाय ती. साहेबांनी वाहिली हुती."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं आणि ते गप्प राहिले. त्यांचं ते गप्प राहणं मला सोसवलं नाही.

"पूजेची नाही," मी म्हणालो. "गळती लपवायला टाकली होती. मला माहीत होतं."

एकनाथराव पायरीवर बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"हे सांगायलाच आला हुता?"

"हो."

"मग जेवायच्या आदी सांगायचं हुतं."

एवढंच. आवाजही चढला नाही.

संध्याकाळी हेड उतरलं. दोन सिलिंडरच्या मधली पट्टी जळून काळी झाली होती. हेड वाकलं होतं, ते घासून सपाट करायला संगमनेरला लेथवर पाठवावं लागलं. हळदीने रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजल्या होत्या, तो वेगळा साफ केला. खर्च माझ्याकडे, हे मी मिस्त्रींना आधीच सांगितलं. एकनाथराव शेवटच्या जीपने घरी गेले, मी लॉजवर राहिलो. दोन दिवस गॅरेजच्या बाकावर बसून मी एकेक नट घट्ट होताना पाहिला.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं विठा घाट चढलो. काटा मध्यावर होता आणि मध्यावरच राहिला. माथ्यावर त्यांनी गाडी थांबवली, बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला. राजूरच्या स्टँडवर त्यांनी मला उतरवलं. घरी चला, म्हणाले नाहीत. मी तांदळाची पिशवी पुढे केली.

"ती मी न्हाई दिली," ते म्हणाले. "जिनं दिली तिला सांगून परत करा." आणि गाडी वळवली.

हौसाबाईंसमोर जायचं धैर्य मला झालं नाही. तांदूळ घेऊन भिंगारला आलो. बायकोने विचारलं, धरण कसं होतं? पाणी भरपूर आहे, म्हणालो. पिशवी फडताळात मागे सरकवली.

महिनाभराने एकनाथरावांचा फोन आला. लेकीला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मग म्हणाले, "गाडी तापली न्हाई." फोन ठेवला.

मी पिशवी काढून बायकोकडे दिली. तिने भात लावला. कुकर उघडला तेव्हा तोच वास आला, हौसाबाईंनी वाढलेल्या भाताचा. तिने ताटं घेतली, भात वाढला आणि सहज विचारलं, हा तांदूळ कुठला?

मी ताट बाजूला सरकवलं आणि जेवायच्या आधी तिला सगळं सांगितलं.