सेक्टर सहामधलं अकरावं रोप

"अवं, हे रिटायर झाले न. रविवारी क्वार्टर खाली करून राहिलो. तुह्या मोहरीचं काय करू?"

शेजाऱ्यांच्या फोनवरून भिलाईच्या मावशीचा आवाज आला. काका तिथल्या पोलाद कारखान्यात होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी नागपूर स्टेशन गाठलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं, भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात. मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करत होते. माझ्या पिवळ्या मोहरीत एक विचित्र रोप निघालं होतं. शेंग ज्या दोन अंडपांची बनते, ती त्याच्या फुलात टोकाशी जुळतच नव्हती. शेंग फाटकी राहायची. शिवाय पुंकेसरांच्या बुडाशी मधाच्या हिरव्या ग्रंथी असतात, त्याही नव्हत्या. माझं म्हणणं, हे एकाच जनुकाचं काम. माझे मार्गदर्शक सर म्हणायचे, "दोन वेगळे बिघाड असतील. योगायोगानं एकत्र आलेत."

म्हणून साध्या रोपाशी संकर करून नातवंडांची पिढी लावली. जनुकं दोन असतील, तर फाटकी शेंग पण मध शाबूत, असं एखादं रोप निघणारच. पण कॉलेजातला वाफा मोकाट गाईंनी फस्त केला. उरली ती फक्त मावशीच्या परसात पेरायला दिलेली मूठभर रोपं.

गोंदियाला आलूबोंडा घेतला, तो तसाच पिशवीत राहिला. डोंगरगडची देवीची टेकडी दिसते म्हणून लोक खिडकीशी गर्दी करतात; मी हात जोडले आणि वही उघडली. पॅसेंजरनं जाणार असाल तर दुर्गला न उतरता पुढे पॉवर हाऊस स्टेशनला उतरा, तिथून सेक्टर सहा जवळ. शिफ्ट सुटायची वेळ मात्र टाळा, सायकलींच्या लोंढ्यात टेम्पो अडकतो. माझा अडकलाच.

मावशी परसात घेऊन गेली. "अर्धी भाजीत गेली वं. कोवळी होती."

मी उरलेली मोजायला बसले.

शनिवारी उजाडताच भिंग घेऊन एकेक फूल उघडायला लागले. मावशी वहीत खुणा करत होती. साध्या शेंगांच्या प्रत्येक रोपाला ग्रंथी होत्या. फाटक्या शेंगांची रोपं अकरा निघाली. दहांना ग्रंथी नव्हत्या. अकराव्यावर मधमाशी बसली होती. तिथे मध असेल तर सरांचंच खरं.

"याच्यावर तर रोजच येते माशी," मावशी म्हणाली. माझा चेहरा पाहून तिनं आवाज खाली आणला. "एकच तर हाय. उपटून टाकू का?"

मी लगेच बोलले नाही. मग म्हणाले, "नको."

मी पाकळ्या बाजूला केल्या. बुडाशी काहीच नव्हतं. दुसरं फूल उघडलं, तिसरं. कुठेच नाही. माशीचे पाय परागांनी पिवळेधमक झाले होते. ती मधासाठी येतच नव्हती.

पण पुढच्या पिढीसाठी बी हवं होतं, शेंगा अजून हिरव्या होत्या आणि रविवारी घर सोडायचं होतं. मावशीनं डालड्याचे डबे काढले. मातीच्या गड्ड्यासकट अकराही रोपं त्यांत बसवली. सामानाच्या ट्रकवर माणसं कपाट चढवायला लागली, तर काका म्हणाले, "कपाट राहू द्या. पयले हे डबे."

स्मृति नगरच्या नव्या घरी पोचेपर्यंत सगळी रोपं माना टाकून बसली होती. मी तशीच सोमवारी परतले. रोज पोस्टमनची वाट पाहायचे. चार सुकली, असं पत्र आलं. होळीनंतर बियांच्या सात पुड्या आल्या. पुढच्या हिवाळ्यात ते बी लावलं: सगळ्या शेंगा फाटक्या, मध एकाही फुलात नाही.

"एकच जनुक दिसतंय," सर म्हणाले. तोवर परदेशात मोहरीच्याच कुळातल्या एका चुलतभावात कुणीतरी तेच दाखवलं होतं. दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता ते दुःख उरलेलं नाही. पुढे मी शिकवायला लागले. विद्यार्थी विचारतात, संशोधनात सगळ्यात अवघड काय असतं? मी त्यांना मावशीचा 'उपटून टाकू का?' हा प्रश्न सांगते आणि हेही सांगते, की मी लगेच 'नको' म्हणाले नव्हते.